कोंबडी, सुरी आणि मुलाणी

दिवाळीला जावई घरी आला, लाडू-चकल्यांचे कौतुक ओसरले, भाऊबीजही पार पडली, की घरातली एखादी म्हातारी अंगणाकडे बघून सहज म्हणे, "तो तांबडा कोंबडा आता नुसता दाणे खातो." एवढ्यावर सर्वांना कळत असे. पोरे कोंबड्याच्या पाठीमागे धावत, सून चुलीवर हंडा ठेवी आणि घरातला एखादा मुलगा मुलाण्याच्या घराकडे पळे. देशावरच्या मांसाहारी कुटुंबांत हे इतके नित्याचे होते, की त्यात काही लिहून ठेवण्यासारखे आहे असे कोणाला वाटले नाही. आपल्या इतिहासकारांनी तलवारी मोजल्या, दाणागोटा मोजला, किल्ल्यांवरचे दारूगोळ्याचे साठे मोजले. घरातल्या सुरीकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. तिच्याकडे थोडे वळून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

कोंबडी माणसाच्या अंगणात आली ती आग्नेय आशियातल्या रानातून. थायलंडमध्ये बान नॉन वाट नावाच्या जागी सापडलेली हाडे ही पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे होत, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानचा. भाताची आणि भरड धान्याची शेती वाढली, खळ्यात दाणे सांडू लागले, आणि ते टिपायला रानकोंबडी झाडावरून खाली आली, असा या पंडितांचा तर्क आहे. म्हणजे माणसाने तिला धरून आणले यापेक्षा तीच आपणहून आली म्हणायची!

आपल्याकडे तिची गाठ पडते ती मोठ्या माणसाच्या आज्ञेत. अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे, आणि तिथेच कोंबड्याचे खच्चीकरण करू नये असेही बजावले आहे. खच्ची केलेला कोंबडा अंगाने भरतो आणि त्याचे मांस मऊ राहते, ही युक्ति त्या काळी लोकांना चांगली ठाऊक होती, हे या मनाईवरूनच उघड होते. पुढे मनुस्मृतीने द्विजांना गावातला कोंबडा वर्ज्य ठरवला. तो उकिरडा उकरतो, हे कारण पुढच्यांनी दिले. या निषेधाची सावली फार लांब पडली. बकऱ्याचे मटण आनंदाने खाणारी, पण कोंबडीला उंबरठ्याच्या आत न घेणारी घरे महाराष्ट्रात आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत होती.

ज्यांना हा निषेध नव्हता त्यांच्या घरी कोंबडी ही बायकांची जिंदगी. शेत नवऱ्याचे, बैल सासऱ्याचे, पण खुराड्यातली तलंग सुनेची. अंडी विकून आलेला पैसा तिच्या बटव्यात जाई आणि मीठ-मिरची, पोरीच्या बांगड्या त्यातून निघत. त्यामुळे कोंबडी कापायची की नाही हा प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. खुडूक बसलेलीला हात लावायचा नाही, अंड्यावरची कापायची नाही. जादा झालेला नर किंवा अंडी देण्याचे थांबलेली म्हातारी कोंबडी, यांचाच नंबर लागे. घरधन्याने पाहुण्यापुढे मोठेपणा मिरवण्यासाठी चांगली तलंग कापायला लावली म्हणजे माजघरात दोन दिवस अबोला असे.

आता कापण्याविषयी. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात गावच्या बारा बलुत्यांची यादी दिली आहे. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग अशी नावे घेत ती अखेर मुलाण्यापाशी येते. हा गावचा मुसलमान. मशीद आणि पिराची जागा सांभाळायची, आपल्या जातवाल्यांची लग्ने लावायची, ही त्याची कामे होतीच. पण गावाच्या दृष्टीने त्याचे मुख्य काम म्हणजे बकरे कापणे. कापताना तो जी 'नियत' म्हणे, ती म्हटल्याखेरीज बहुतेक मराठे मांस खात नसत, असे डफसाहेब सांगतो. आणि खाटकासाठी कापलेल्या जनावरामागे त्याला दोन पैसे व काळीज मिळे असाही हिशेब देतो.

हे वाचून आजचा वाचक जरा थबकेल. देव हिंदूंचा, नवस हिंदूंचा, जेवणारे हिंदू, आणि सुरी व तिच्यावरचा मंत्र मुसलमानाचा! परंतु गावाला यात काही विसंगत वाटत नव्हते. जीव घेण्याची जोखीम कोणीतरी विधिपूर्वक अंगावर घ्यावी, ती आपल्या हातावर येऊ नये, एवढेच गावाला हवे होते, असे मला वाटते. ज्याच्याकडे त्यासाठी शब्द होते त्याच्याकडे ते काम गेले. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त, म्हणजे १९१५ सालीही, मुलाणी गावात आहेच. कोंबडीसारख्या लहान जिवासाठी प्रत्येक वेळी त्याची वाट पाहिली जाई असे नाही. कोकणात राखणदाराला दिलेला कोंबडा घरचाच माणूस कापी. पण देशावर पुष्कळ गावांत कोंबडी हातात धरून मुलाण्याच्या दारी जाणारे पोर हे ओळखीचे दृश्य होते.

मुलाण्याचे काम क्षणाचे. खरा खटाटोप पुढचा. हत्यारे तरी कोणती? एक सुरी, एक विळी (पुष्कळ घरांत मांसमच्छीची विळी निराळी असे), पाण्याचा हंडा, घमेले आणि मूठभर पेंढा. पाणी उकळते चालत नाही. तशा पाण्यात कोंबडी बुडवली तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर तिची सालपटे येतात. पाणी कोमट असले तर पीस जागचे हलत नाही. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास पिसाच्या मुळाची पकड सैल होते. म्हातारीजवळ उष्णतामापक नव्हता. तिचे बोट होते. कोंबडी पायांनी धरून पाण्यात वरखाली करायची, पंखाचे एक मोठे पीस ओढून बघायचे, ते अलगद आले की बाहेर काढून भराभर उपटायला लागायचे, कारण अंग निवले की पिसे पुन्हा धरून बसतात. मग उरलेली बारीक लव पेंढ्याच्या जाळावर जाळायची, हळद चोळायची आणि धुवायची. त्या जाळाचा आणि हळदीचा जो वास कातडीत मुरतो, तो रश्श्यात उतरतो.

पोट फोडताना पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळे कडू. पेटा चिरून आतले खडे झाडायचे आणि पिवळे अस्तर सोलून टाकायचे. पोटात कवच न धरलेली अंडी निघाली तर त्यांवर पोरांचा हक्क. मुलींना हे सारे शिकवून येत नसे, बघून येई.

साहेबाच्या डाकबंगल्यात हाच प्रकार घाईने चाले. प्रवासी आवारात शिरताच खानसामा कोंबडी धरी, आणि साहेबाचे स्नान होऊन कपडे चढेपर्यंत ती टेबलावर हजर! या पदार्थाला साहेब लोक 'सडन डेथ', म्हणजे अचानक मृत्यू, म्हणत. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात हा शब्द नोंदलेला आहे.

पण खरी घाई पुढे आली आणि ती कोंबडीच्या जातीतच शिरली. अमेरिकेत डेलावेअरमधील सेसिल स्टील या बाईंकडे १९२३ साली पन्नासऐवजी चुकून पाचशे पिल्ले आली. त्यांनी ती परत न पाठवता मांसासाठी वाढवून विकली. तेथून ब्रॉयलरचा धंदा फोफावला. १९४८ साली तिकडे 'उद्याची कोंबडी' ठरवायला देशव्यापी स्पर्धा झाली. आपल्याकडे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली आणि पाहता पाहता सहा-सात आठवड्यांत दोन किलो भरणारा पांढरा पक्षी गावोगाव पोचला. गावठी कोंबड्याला तेवढे अंग धरायला पाच-सहा महिने तरी लागतात. एके काळी मटणापेक्षा अपूर्वाईची असलेली कोंबडी त्यामुळे मटणाहून स्वस्त झाली, ही गोष्ट गरिबाच्या ताटाच्या दृष्टीने लहान नाही.

दुकानदाराला पाणी तापवायला आणि लव जाळायला सवड नसते. तो पिसांसकट कातडीच ओढून काढतो. कामाला मिनिटे लागतात आणि गिऱ्हाइकही खूष असते. मुलाण्याची सुरी दुकानाच्या ओट्यावर गेली. सोलापूर-सांगलीकडे मुलाणी हे नाव आडनाव म्हणून उरले आहे. बाईचा बटवा मात्र कोठे गेला ते कोणी विचारले नाही. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, आणि शेडचा करार बहुधा नवऱ्याच्या नावाचा.

आठवडी बाजारात अजून गावठी कोंबड्या पाय बांधून विकायला येतात. घेणारा किलोचा भाव विचारतो, वजन करून घेतो आणि शेजारच्या दुकानात तिची कातडी काढून आणतो. विकणारी म्हातारी वजनाच्या काट्याकडे बघत नाही. ती कोंबडीच्या छातीचे हाड चाचपते, पायाची नखी बघते, आणि आपला भाव सांगते.