सिरिंगोमायेलिया
मेरुरज्जूच्या आत द्रवाने भरलेली लांबट पोकळी तयार होण्याचा विकार. नाव फ्रेंच वैद्य ऑलिव्हिए यांनी १८२७ मध्ये दिले. पुष्कळ रुग्णांत मूळ दोष मात्र कवटीच्या तळाशी असतो. हान्स कियारी यांनी प्राग येथे १८९१ मध्ये वर्णिलेल्या विकृतीत लहान मेंदूचा खालचा भाग मानेत उतरतो आणि मेरुद्रवाची वाट अडवतो. वेदना व उष्णतेची जाणीव आधी जाते, स्पर्श कळत राहतो; तापल्या भांड्याने हात पोळला तरी फोड दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. शस्त्रक्रियेत कवटीच्या मागील तळाचे थोडे हाड काढून जागा मोकळी करतात. पोकळीला हातही न लावता ती बहुधा काही महिन्यांत आक्रसते. खोकताना उठणारी डोकेदुखी बहुतेकांची कमी होते. झडलेले स्नायू आणि गेलेली संवेदना क्वचितच पूर्ण परततात.