पाणी सर्वांचे, मग मजार कोणाची?

कुराणात पर्यावरणाचा विचार आहे का? आहे. एकविसाव्या सूरेत प्रत्येक सजीव पाण्यापासून घडवला असे म्हटले आहे. वाहत्या नदीवर वजू करतानाही पाणी वाया घालवू नका, पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा आहे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आम्हाला ती जवळची वाटते.

पण वाडीतल्या आमच्या अभ्यासवर्गात पुढचा प्रश्न येतोच: आणि स्त्रियांचे काय? चौथ्या सूरेने मुलीला वारसा दिला. सातव्या शतकात ही मोठी गोष्ट होती. पण तो वाटा मुलाच्या निम्मा, आणि त्याच सूरेतील ३४ वी आयत पुरुषाला स्त्रीवर अधिकार देते, असाच तिचा रूढ अर्थ लावला जातो.

निसर्गाविषयीचे चांगले वचन कुठल्याही ग्रंथात सापडते. पाण्यात मलमूत्र टाकू नये, हे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही आहे. नवव्या अध्यायात मात्र स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही असे लिहिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत तिचे दहन झाले. त्या परिषदेच्या मंडपासाठी जागा दिली होती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने. हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात मुस्लिम स्त्रिया स्वतः या प्रश्नावर उभ्या राहिल्या. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नाव जोतीरावांच्या वारशाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

पुढे हाजीअली दर्ग्यात मजारीजवळ जाण्यास स्त्रियांना बंदी झाली. पूर्वी त्या जात होत्या! ट्रस्टने न्यायालयात धर्मवचनांचाच आधार घेतला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या लढल्या, आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने संविधानातील समतेच्या आधारे बंदी रद्द केली. उलट १९८५ च्या शाहबानो निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीसाठी कुराणाच्याच आयतींचा दाखला दिला होता. म्हणजे वचन तेच, वाचणारा कोण यावर न्याय ठरतो. म्हणूनच स्त्रीचा हक्क वचनाच्या भरवशावर सोडता येत नाही. त्याला संविधानाचा आधार लागतो.

हे सारे मुसलमानांना झोडपण्यासाठी वापरणाऱ्यांना आमचा सवाल आहे: स्वतःच्या घरातली मनुस्मृती तुम्ही कधी जाळली? आणि आपणही सुटत नाही. विनयात भिक्खूंना झाडे तोडण्यास मनाई आहे, पण शंभर वर्षे दीक्षित भिक्खुनीने कालच्या भिक्खूला वंदन करावे असा गरुधम्मही तिथेच आहे. त्याचीही चिकित्सा झालीच पाहिजे.

२० जुलै १९४२ रोजी आपल्याच नागपुरात, महिला परिषदेत, बाबासाहेबांनी मोजपट्टी दिली: समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची. कुराण असो, मनुस्मृती असो की विनय, मोजपट्टी एकच.

जय भीम!