नांव आणि बिऱ्हाड

एखादा सुशिक्षित गृहस्थ आपल्या व्यवसायासाठीं, किंवा घरांतील वडीलधाऱ्यांचें लेखन जतन करण्यासाठीं संकेतस्थळ काढूं पाहतो, तेव्हां त्याच्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात. नांव कोणतें घ्यावें, आणि तें स्थळ कोणाच्या यंत्रावर ठेवावें? विक्रेते हे दोन्ही प्रश्न एकाच पुडींत बांधून देतात. त्यामुळें नांव आणि जागा ही एकच वस्तु होय, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः या विद्येचा इतिहास पाहूं गेल्यास तो त्या दोहोंच्या फारकतीचाच इतिहास आहे.

प्रारंभीं असा भेद करण्याचें कारणच नव्हतें. १९६९ सालीं अमेरिकेंत आर्पानेट हें जाळें सुरू झालें, तेव्हां वर्षअखेरीस त्यांत यंत्रें होतीं चार! पुढें संख्या वाढली, तेव्हां कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एक यादी ठेवण्यांत येऊं लागली. कोणत्या यंत्राचें नांव काय आणि क्रमांक कोणता, एवढेंच तींत लिहिलेलें असे. एलिझाबेथ फाइनलर या विदुषी तेथील माहिती-केंद्राच्या प्रमुख होत्या. नवें यंत्र जोडावयाचें झाल्यास त्यांच्या कचेरीस कळवावयाचें. तें नांव आधीं कोणी घेतलेलें नाहीं ना, हें पाहून तेथील मंडळी यादींत एक ओळ घालीत, आणि इतर यंत्रें ती यादी वेळोवेळीं उतरवून घेत. आपल्या गांवच्या कुळकर्ण्याचें दप्तर आठवावें. गांव लहान आहे तोंवर एका दप्तरावर काम सुरळीत चालतें. परंतु यंत्रें शेंकड्यांनीं वाढूं लागलीं, यादी उतरवून घेतां घेतांच जुनी होऊं लागली, आणि जें नांव सोपें तेंच प्रत्येकास हवेंसें झालें.

या अडचणीवर तोड काढण्याचें काम जॉन पोस्टेल यांनीं पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याकडे सोंपविलें. पांच निरनिराळ्या सूचना आलेल्या होत्या; त्यांचा समन्वय व्हावा, एवढीच अपेक्षा होती. मोकापेट्रिस यांनीं त्या बाजूस सारून स्वतःचीच योजना नोव्हेंबर १९८३ मध्यें प्रसिद्ध केली. तिचें मर्म अधिकाराच्या वांटणींत आहे. सगळीं नांवें एकानेंच लिहून न ठेवतां, खालचा कारभारी कोण एवढेंच वरच्यानें सांगावें, आणि खालच्यानें आपल्या हद्दीपुरता हिशेब ठेवावा. पाकिटावरचा पत्ता डाकेची मंडळी जशी तळापासून वर वाचतात, तसें हें नांव उजवीकडून डावीकडे उलगडत जातें. शेवटचें पद कॉम, ऑर्ग, एज्यु असें वर्गाचें असावें किंवा देशाचें दोन अक्षरी असावें, हें १९८४ मध्यें ठरलें. आणि १५ मार्च १९८५ रोजीं सिंबॉलिक्स या संगणक बनविणाऱ्या कंपनीनें पहिलें कॉम नांव घेतलें. या व्यवस्थेंत नांव आहे तेंच ठेवून त्याच्या मागील यंत्र हवें तेव्हां बदलतां येतें. बिऱ्हाड हलविलें तरी पत्र चुकत नाहीं. माझ्या मतें साऱ्या योजनेंत सामान्य माणसाच्या उपयोगाची गोष्ट हीच.

प्रारंभीं नांवास पैसे पडत नसत आणि त्याची किंमतही कोणास कळत नव्हती. १९९४ मध्यें एका अमेरिकन पत्रकारानें मॅक्डोनल्ड्स या खाद्यगृहांच्या कंपनीकडे विचारणा केली कीं, आपलें नांव या जाळ्यावर आपणांस हवें आहे काय? समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हां त्यानें तें स्वतःच नोंदवून टाकलें आणि ती हकीकत छापली. अखेर न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या संगणकांसाठीं देणगी देऊन कंपनीस आपलें नांव सोडवून घ्यावें लागलें. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांस १०० डॉलर असा आकार सुरू झाला. तेव्हांपासून नांव ही मालकीची वस्तु नसून मुदतीचा पट्टा आहे, ही गोष्ट उघड झाली. मुदत भरली कीं पट्टा सुटतो. १९९९ च्या नाताळांत मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल या पत्रसेवेंत अनेकांस प्रवेश मिळेना. कारण काय, तर तिला आवश्यक असलेल्या एका नांवाची मुदत वाढवून घेण्यास एवढी धनाढ्य कंपनी विसरली होती! एका परक्या प्रोग्रामरनें पदरचे ३५ डॉलर भरले, तेव्हां गाडी रुळावर आली.

आपल्याकडेही या प्रश्नाचा निकाल लवकरच लागला. १९९९ सालींच मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा तंटा आला. एका अक्षराच्या फरकानें दुसऱ्याच्या लौकिकावर आपली पोळी भाजून घेतां येणार नाहीं, आणि डोमेनचें नांव हा केवळ पत्ता नसून त्यास व्यापारचिन्हाप्रमाणें संरक्षण आहे, असें न्यायालयानें ठरविलें. तेव्हां प्रसिद्ध नांवाच्या सावलींत आपलें नांव लावण्याचा मोह कोणास होत असेल, तर त्यानें हा निर्णय जरूर वाचावा.

आतां बिऱ्हाडाकडे वळूं. पूर्वीं प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र क्रमांकाची जागा लागे. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमानें येणाऱ्यानें आपणांस कोणतें नांव हवें तें दारांतच सांगावें, असें बंधनकारक झालें. आणि एका दारामागें शेंकडों बिऱ्हाडें नांदूं लागलीं. चाळ झाली म्हणाना! भाडें उतरलें, शेजाऱ्याच्या गर्दीचा त्रासही आला. परंतु लहान स्थळास चाळ पुरते, स्वतंत्र बंगल्याची हौस नंतर करावी.

खरा धोका फुकटच्या जागेचा. १९९४ मध्यें निघालेल्या जिओसिटीज् या कंपनीनें लोकांस विनामूल्य जागा दिली. तिचे मोहल्ले होते, हॉलिवूड, सनसेट स्ट्रिप अशा नांवांचे, आणि प्रत्येकास घरक्रमांक मिळे. लोकांनीं तेथें कुटुंबाचे वृत्तांत, छंद, मृत आप्तांचीं स्मरणें मांडलीं. १९९९ मध्यें याहू कंपनीनें ती घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं अमेरिकेंतील सारा कारभार बंद केला. कांहीं स्वयंसेवकांनीं धांवपळ करून बराच भाग उतरवून ठेवला, हें त्यांचे उपकार. परंतु मजकूर वांचला त्यांचाही पत्ता गेला, कारण तो पत्ता घरमालकाचा होता. ज्यांचें नांव स्वतःचें होतें त्यांनीं दुसरीकडे बिऱ्हाड केलें असतें, आणि वाचकास तें कळलेंही नसतें. म्हणून जागा कोठेंही घ्या, परंतु नांवाची नोंद आपल्याच नांवें करा. ती जागा देणाऱ्याच्या किंवा स्थळ बनवून देणाऱ्याच्या नांवें होऊं देऊं नका.

‘इन’ हें भारताचें पद १९८९ मध्यें मिळालें. त्याचा कारभार पुष्कळ वर्षें मुंबईस, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. नियम कडक असल्यानें २००४ पर्यंत नांवें सुमारें सात हजारच झालीं. २००५ मध्यें दार सर्वांस उघडलें. २०१४ च्या ऑगस्टमध्यें देवनागरींतील ‘भारत’ हें पद आलें आणि मराठी नांव मराठी अक्षरांत घेणें शक्य झालें. पण येथें आपल्या लिपीची एक गंमत आहे. ‘आचाऱ्यांना’ यांतील अर्धा र कांहीं कळफलकांवर एक अदृश्य चिन्ह घालून उमटतो, आणि २००३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनीं तें चिन्ह नांवांतून गाळून टाकलें होतें. २०१० च्या सुधारणेनें त्यास अटींवर प्रवेश मिळाला. मधल्या काळांत स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांनीं त्या कळफलकावर नांव लिहून मागितलें असतें, तर दप्तरीं नोंद झाली असती ती वेदान्त शिकविणाऱ्या आचार्यांची.