तोलेदोचे जेवण आणि इन्क्विझिशन

१/ स्पेनमधील तोलेदो शहरात, सोकोदोवेर चौकाभोवतीच्या खानावळींत टोमॅटो व मटार घालून शिजवलेले डुकराचे मांस, म्हणजेच 'कार्कामुसास', आवडीने खाल्ले जाते. एके काळी याच शहरात घरचे जेवण न्यायासनापुढे पुरावा ठरत असे.

२/ शब्बाथच्या शनिवारी अग्नी पेटवणे निषिद्ध. म्हणून ज्यू कुटुंबे शुक्रवारी सायंकाळीच हरभरे व मांसाचे 'अदाफिना' निखाऱ्यांवर ठेवीत.

३/ १४८५ मध्ये तोलेदोत इन्क्विझिशनचे न्यायासन आले. ख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या घरी अदाफिना शिजले किंवा कोणी डुकराचे मांस टाळले, तर नोकर-शेजाऱ्यांच्या साक्षीवरून खटला उभा राही. शिक्षा अनेकदा सोकोदोवेरमध्येच जाहीर होत.

४/ १४९२ मध्ये बाप्तिस्मा नाकारणाऱ्या ज्यूंना देश सोडावा लागला. मोरोक्कोतील ज्यू घरांत तो पदार्थ 'दाफिना' या नावाने आजही शब्बाथसाठी शिजतो.