दुरुस्त झालेली बासरी, पुसला गेलेला पुरावा

जुन्या लाकडी बासरीला तडा गेला तर तो बुजवून ती पुन्हा वाजती करावी, असे कोणालाही वाटेल. परंतु अशा सद्हेतूनेच इतिहासातील कित्येक बासऱ्या कायमच्या मुक्या झाल्या आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

प्रथम तड्याविषयी. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. वार्षिक वलयांच्या कडेने मात्र ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट आकसते. म्हणून अठराव्या शतकातील युरोपीय बासरीची एके काळी गोल असलेली पोकळी आज किंचित लंबगोल आढळते. अशी बासरी एकाएकी वाजवली, की दमट श्वासाने आतील थर फुगतो, बाहेरील कोरडाच राहतो आणि लाकूड चिरते.

याहून गंभीर प्रश्न सुराचा आहे. आज पाश्चात्त्य वाद्यमेळात ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा मानतात. पूर्वी असे एकच प्रमाण नव्हते. वादक एकाच बासरीसाठी कमी-अधिक लांबीचे मधले तुकडे बाळगत आणि गावाच्या सुराप्रमाणे ते बदलत. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ हे प्रमाण ठरवले; इंग्लंडमध्ये मात्र त्या काळी सूर ४५२ पर्यंत चढला होता. अलेक्झांडर एलिस यांनी १८८० मध्ये जुने स्वरकाटे आणि ऑर्गनच्या नळ्या तपासून हा इतिहास उभा केला. हँडेलचा स्वरकाटा ४२२.५ कंपनांचा भरला.

आता ४१५ ची बासरी ‘बेसूर’ ठरवून ४४० वर आणायची, तर सूर ६ टक्के, म्हणजे एक अर्धस्वर, चढवावा लागतो. त्यासाठी नळी कापली, तर मुखरंध्राजवळच्या छिद्रांचे स्वर अधिक चढतात, दूरचे कमी. मग छिद्रेही कोरावी लागतात. वाद्य सुरात येते, पण कारागिराने कोणता सूर योजला होता, हे सांगणारा साक्षीदार उरत नाही.

यावरचा मार्ग एकोणिसाव्या शतकातच दिसला होता आणि त्याचा एक धागा कोलकात्याशी जोडलेला आहे. राजा शौरींद्रमोहन ठाकूर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट दिली. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाच्या आरंभीच्या संग्रहात ती होती. तेथील पहिले अभिरक्षक व्हिक्टर माहियाँ स्वतः वाद्यनिर्माते होते. त्यांनी दुर्मिळ वाद्यांच्या प्रतिकृती घडवल्या. मूळ वाद्य जपावे, मोजावे आणि वाजवावी ती प्रतिकृती, हाच आजच्या संवर्धनाचाही विवेक आहे. क्ष-किरण संगणकीय छायाचित्रणामुळे आता पोकळीला स्पर्श न करता तिचे माप घेता येते.

आपल्याकडे तर षड्ज कधीच एका आकड्यात बांधला गेला नाही. एखाद्याची बासरी काळी एकची, एखाद्याची पांढरी चारची. जुन्या बांबूच्या बासरीतील प्रत्येक छिद्र म्हणूनच एका विशिष्ट वादकाच्या षड्जाची नोंद असते. चिरू नये म्हणून तिच्यावर दोरा गुंडाळणे योग्यच. तो पुन्हा सोडवता येतो. कानशीने वाढवलेले छिद्र मात्र पूर्ववत होत नाही.

आपल्या घरी आजोबांची बासरी असेल, तर ती सुरात आणण्याआधी तिची मापे टिपून ठेवा. कदाचित ती सुरातच असेल, तिच्या काळाच्या सुरात.