चुना कुठे थांबवायचा

कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठी गुऱ्हाळ सुरू झालं, काहिलीतला रस तापून वर मळी यायला लागली, की गुळव्यापुढे दर आधणाला एकच प्रश्न असतो: या रसाला चुना किती लागेल? उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो, त्याचा सामू पाच ते साडेपाचच्या आसपास. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. जास्त झाला तर काळा पडतो. आम्ल उदासीन करायला किती अल्कली लागेल, हा कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा प्रश्नही मुळात हाच आहे. माझं म्हणणं असं की सातारा-सांगलीच्या भागात या एकाच प्रश्नाचे दोन इतिहास शेजारी राहून एकमेकांना अनोळखी राहिले, आणि त्यात नुकसान कॉलेजातल्या रसायनाचंही झालं. या प्रश्नाचा सगळ्यांत अवघड भाग, म्हणजे चुना कुठे थांबवायचा हे ठरवणं, कॉलेजातल्या प्रयोगवहीतून गळून गेला आणि गुळव्याच्या हातातच राहिला.

आधी तो प्रश्न नीट पाहू. रसातली साखर म्हणजे सुक्रोज. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की पाण्याचा एक रेणू घेऊन ती फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. ३४२ ग्रॅम सुक्रोज १८ ग्रॅम पाणी घेऊन ३६० ग्रॅम होते, म्हणजे कागदावर वजन पाच टक्क्यांहून थोडं जास्तच वाढतं. पण या फुटलेल्या साखरा हवेतली ओल धरतात, दाणा धरत नाहीत, आणि ढेप पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. वजन वाढूनही माल बिघडतो, असं हे गणित आहे. म्हणून आंबटपणा मारायला चुना. चुना आणखी एक काम करतो: रसातल्या फॉस्फेटशी त्याचा साका तयार होतो आणि तो गाळ धरून वर येतो. त्याला रानभेंडीच्या चिकाची जोड मिळाली की मळी जाड साईसारखी एकवटते आणि झाऱ्याने काढता येते. पण रस उदासीन होऊन अल्कलीकडे झुकला की त्याच फुटलेल्या साखरा विघटन पावून तपकिरी रंग देतात. बरं, सगळा आंबटपणा काढणं हा इथे हेतूच नाही. गुळाला हवा असलेला सामू साधारण सहा ते साडेसहा, उदासीन बिंदूच्या अलीकडचा.

आता हेच गणित वहीच्या पद्धतीने मांडू. समजा १० मिलिलिटर रस शंकुपात्रात घेतला, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले आणि ब्यूरेटमधून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा सोडला. २ मिलिलिटरला गुलाबी छटा आली, म्हणजे रसाची आम्लता ०.०२ नॉर्मल. काहिलीत ५०० लिटर रस असेल तर १० सममूल्यं, आणि विरलेल्या चुन्याचा सममूल्यभार ३७, म्हणून ३७० ग्रॅम चुना. परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळतील, आणि काहिलीत एवढा चुना पडला तर आधण वाया जाईल. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होतं तेच मुळी सव्वाआठच्या सामूला. तोवर गूळ कधीच काळवंडलेला असतो. उसाच्या रसात ॲकोनिटिक, मॅलिक अशी सौम्य आम्लं आणि फॉस्फेट मिसळलेलं असतं, त्यामुळे सामू एकदम उडी मारत नाही, चुना पीत पीत हळूहळू चढतो. अशा रसाला कुठेतरी मधेच थांबवायचं तर आधी ठिकाण ठरवावं लागतं, मग त्या ठिकाणी रंग बदलणारा दर्शक शोधावा लागतो. ब्रोमोथायमॉल ब्लू सहाच्या पुढे पिवळ्याचा हिरवा व्हायला लागतो, तो इथे जवळचा. अनुमापनाची गणितं चुकणारे विद्यार्थी बहुधा गुणाकारात चुकत नाहीत. कोणता दर्शक आणि का, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं, कारण तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कलीच्या उदाहरणात जवळजवळ कोणताही दर्शक चालून जातो.

यातली खटकणारी गोष्ट अशी की दर्शक तर या भागाच्या घराघरांत होता. सांगलीची पेठ हळदीची आणि गुळाचीही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. प्रयोगशाळेतला हळदीचा कागद याच गुणावर चालतो. हा रंगबदल साडेसातच्या आसपास सुरू होतो, म्हणजे गुळासाठी हळदही उशिराच बोलते. पण आता फार झालं, एवढं तरी ती सांगू शकली असती. सामू ही संख्याच १९०९ साली आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी ती मांडली. आंबवण्याच्या धंद्याला कुठे थांबायचं हे ठरवावं लागत होतं, त्या गरजेच्या शेजारी ही मोजपट्टी जन्मली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९१९ साली, डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. १९४७ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, १९५४ साली कऱ्हाडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज झालं. मधल्या काळात, १९४९ साली, जुन्या साताऱ्याचे तालुके आणि संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं शेतात राबून वर्गात बसत. गुऱ्हाळ त्यांच्या ओळखीचं होतं आणि ब्यूरेटही हातात आलं होतं. अभ्यासक्रम मात्र आधी मुंबईहून, मग पुण्याहून आणि १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून येत राहिला, आणि ऑक्झॅलिक आम्ल विरुद्ध कॉस्टिक सोडा हीच त्याची पहिली ओळ राहिली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गुळव्याची कला म्हणजे रसायनशास्त्र नव्हे. तो का ते सांगू शकत नाही, आणि जे सांगता येत नाही ते दुसऱ्याला देताही येत नाही. यातलं पहिलं मला अर्धंच पटतं. गुळव्या पाक उतरवायच्या वेळी काय करतो ते पाहावं. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून तो बोटांत वळतो. गोळी घट्ट बसली आणि भांड्यावर मारल्यावर टणत्कार आला, की काहील उतरवायची. तापमापक लावला तर त्या वेळी पारा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. ही अंधश्रद्धा नव्हे, मोजमापच आहे, फक्त आकड्याशिवायचं. आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मान्यच करावा लागतो. ऊस बदलला, जमीन बदलली, की बोटांचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून १९३२ पासून नवनवे वाण शेतात येत राहिले आणि कृष्णाकाठच्या जमिनी अति पाण्याने क्षारपड होत गेल्या. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, नीट बसत नाही, नेहमीचा चुना तिथे लागू पडत नाही. अशा वेळी आकडा हाताशी असता तर एका गुळव्याची दहा वर्षांची शिकवण दुसऱ्याला एका हंगामात मिळाली असती. कॉलेज उपयोगी पडलं असतं ते इथे.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे: रसायन गुऱ्हाळात आलंच की, आणि त्याने गूळ नासवला. सोडियम हायड्रोसल्फाइट, गुऱ्हाळातल्या भाषेत हायड्रॉस, काहिलीत पडलं की काळपट पाक पिवळाधमक होतो. व्यापाऱ्याला रंग हवा, सौद्यात भाव रंगावर लागतो, म्हणून ही पावडर पसरली. पण तो रंग टिकत नाही. हवा लागेल तसा गूळ पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश आत राहतो. म्हणून तर अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्यावर मर्यादा घातली. हा आक्षेप मला माझ्या म्हणण्याविरुद्धचा वाटत नाही. हायड्रॉस चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे. रंग का बिघडला, चुना जास्त झाला की मळी अपुरी निघाली की ऊस शिळा होता, हे विचारलंच गेलं नाही; बिघडलेला रंग मात्र पुसून टाकला. जिथे प्रश्न विचारणारं रसायन पोचलं नाही, तिथे पुडीतलं रसायन पोचलं.

हे टाळता आलं नसतं असं कुणी म्हणेल तर याच पट्ट्यात उलट पुरावा आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगराचा प्रश्न शेतातून उचलून ओतशाळेत सोडवला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. वाळू, सोडा आणि चुना यांचं प्रमाण हे शुद्ध रसायनाचंच गणित, आणि त्यातून प्रभाकर कंदिलाच्या काचा महाराष्ट्रभर गेल्या. पुढे सहकारी साखर कारखाने आले. सांगलीला वसंतदादा पाटलांनी, रेठऱ्याला यशवंतराव मोहित्यांनी ते उभारले. रसाला चुना द्यायचा आणि सामू साताच्या आसपास धरायचा हे काम तिथे पाळीवरच्या केमिस्टकडे आलं. गावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला मुलगा कारखान्याच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा अशा अनुमापनाला भिडला, ज्यात शेवट कुठे हे पुस्तक सांगत नव्हतं. गुऱ्हाळापर्यंत मात्र तो केमिस्ट गेला नाही. तिथे आजही मळी काढून झाली की गुळव्या रस ओगराळ्यात घेतो, उजेडाकडे धरतो, रंग आणि फुटलेला गाळ पाहतो, आणि कालवलेल्या चुन्याची आणखी एक वाटी ओतायची की नाही ते ठरवतो.