सुंभाचा पीळ : ठाण्याच्या माडांवर चढणाऱ्या दोराचा इतिहास

१/ इतिहास जसा किल्ल्यांचा आणि तहांचा असतो, तसा तो दोराचाही असतो. ठाणे-वसईच्या किनाऱ्यावर माणसे शतकानुशतके माड-ताडांवर चढत आली. त्यांचा जीव ज्या दोरावर तोललेला असे, तो कसा घडे, कशाने झिजे आणि त्याची जबाबदारी कोणाची होती, याविषयी हा थ्रेड.

२/ १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस त्या वेळी ठाण्याबाहेर असल्याने बचावला. त्याने पुढे लिहिलेल्या वर्णनात माडाचे झाड येते, पोय कापून भांड्यात साठवलेला रस येतो आणि लोखंडाऐवजी दोराने शिवलेल्या नौकाही येतात.

३/ तो दोर काथ्याचा, आपल्या भाषेत सुंभ. नारळाची सोडणे मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजवत ठेवायची, मग बडवून तंतू मोकळे करायचे. इतके कुजवूनही तंतू शाबूत राहतो, कारण त्यात लिग्निन हे काष्ठद्रव्य भरपूर असते. खारे पाणी आणि पावसाळी ओल तो इतर तंतूंपेक्षा चांगली सोसतो.

४/ दोराचे खरे बळ पिळात असते. तंतू एका दिशेने वळून सूत करतात. ती सुते उलट दिशेने वळून पेड होतो. पेड पुन्हा उलट वळून दोर. प्रत्येक पीळ दुसऱ्याला उलगडू देत नाही, आणि ताण वाढला की तंतू एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला दोर वळणे ठाऊक असले पाहिजे.

५/ काथ्याला मर्यादाही आहेत. सारख्याच जाडीचा तागाचा दोर त्याहून अधिक भार पेलतो. पण काथ्या तुटण्यापूर्वी बराच ताणला जातो, म्हणून झटका पचवतो. शिवाय त्याचा खरखरीत पृष्ठभाग खोडाला धरून राहतो. कमी बळाची भरपाई जाडीने करावी लागे.

६/ कोकणात माडावर चढून माडी काढणे हा परंपरेने भंडारी समाजाचा व्यवसाय. खोडाला पायासाठी खाचा पाडलेल्या असत. खाचा नसतील तेथे पायांत दोराचे कडे अडकवून, खोड दोन्ही तळव्यांत दाबत वर सरकायचे. कमरेभोवती आणि खोडाभोवती दुसरा दोर घेतला, की वर पोचल्यावर दोन्ही हात कामाला मोकळे होत.

७/ येथे एक भेद नीट ध्यानात घ्या. हा दोर माणसाला झाडाशी ‘धरून ठेवणारा’ होता, पडताना ‘झेलणारा’ नव्हता. पाय सुटला तर खोडाभोवतीचे कडे खाली घसरू शकते. म्हणजे दोर कितीही भक्कम असला, तरी संपूर्ण रचनेत एक उणीव राहतेच. टिकाऊपणा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८/ भार किती? रस वाहता राहावा म्हणून पोयीचा पातळ काप दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावा लागतो. समजा, एका माणसाकडे १५ मीटर उंचीचे १० माड आहेत आणि तो दोनदा चढतो. रोजची चढण झाली ३०० मीटर, तितकीच उतरण. दोर प्रत्येक खेपेस खोडावर घासतो.

९/ म्हणूनच दोर एकाएकी तुटत नाही. तो आधी झिजतो. उन्हाने वरचे तंतू ठिसूळ होतात, आत शिरलेली वाळू पेड कापते, आणि गाठीपाशी दोराचे बळ मुळातच बरेच कमी झालेले असते. चढण्यापूर्वी दोर हातातून फिरवून पाहणे, ओढून पाहणे, हीच तेव्हाची गुणवत्ता तपासणी.

१०/ १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. परवान्याविना झाड छेदणे गुन्हा ठरला आणि छेदलेल्या झाडांवर कर बसला. ठाणे जिल्ह्यात भंडाऱ्यांनी आणि बागायतदारांनी त्याला विरोध केला. कर झाडावर होता, रसावर नव्हे. म्हणजे वादळी वाऱ्यात चुकलेली खेपसुद्धा भरलेल्या कराचे नुकसान. सरकारने झाड मोजले. चढणाऱ्याचा दोर मात्र ज्याचा त्यालाच सांभाळायचा होता.

११/ १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ताडझाडे छेदण्याच्या कामाचा समावेश आढळतो. हे पाऊल महत्त्वाचे खरे, पण भरपाई मिळणार ती अपघातानंतर, आणि तीही कोणाच्या तरी चाकरीत असलेल्याला. स्वतःच्या जोरावर झाडे घेणारा ताडी छेदक त्यात बसत नव्हता. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने व्यवसायच आक्रसला.

१२/ दरम्यान जग बदलले होते. १९३५ मध्ये अमेरिकेत नायलॉन तयार झाले, १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिएस्टर तंतू. हे धागे कुजत नाहीत आणि बळात काथ्याला फार मागे टाकतात. ऊन मात्र त्यांनाही खाते. भारतात सुरक्षापट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे मानक आहे. आता भार मांड्या, कंबर आणि खांद्यांवर विभागला जातो, आणि दोर ‘झेलतो’ही.

१३/ हे बळ झाडांपर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले. तेलंगणात ताडी छेदकांना ‘काटमय्या रक्षा’ नावाचे सुरक्षा संच देण्यास २०२४ मध्ये प्रारंभ झाला. नायलॉनच्या शोधानंतर जवळजवळ ९० वर्षांनी!

१४/ ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत माडीचे माड आता विरळ झाले. पण पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायला माणूस अजूनही झाडावर चढतोच. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाने फांदीला कायद्याचे कवच दिले. चढणाऱ्याच्या कवचाची चौकशी काम देणाऱ्याने करायची असते, आणि सोसायटीत ते काम देणारे आपणच असतो.

१५/ तेव्हा छाटणी ठरवताना तीन गोष्टी विचारा : पट्ट्यावर निर्मितीची तारीख आहे का? शिवण कोठे उसवली आहे का? या पट्ट्याने पूर्वी एखादी पडझड झेलली आहे का? झेलली असेल तर तो बाद करावा, मग वरून कितीही नवा दिसो. दोराचा इतिहास एवढेच सांगतो : पीळ घालणारा, तो विकणारा आणि काम देणारा यांच्यापैकी कोणीही हयगय केली, तरी किंमत चढणाराच मोजतो.